निद्रेतील श्वासरोध : यंत्र आणि दंतसाधन



यात्रेत धर्मशाळेच्या एकाच दालनात पंचवीस-तीस माणसे निजली की नवकारशीच्या वेळी कोण किती घोरला, याची चर्चा ठरलेली असते. घोरणाऱ्याची थट्टा होते, तोही हसतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु शेजारच्या माणसाने रात्री जागून नीट ऐकले, तर घोरणे मध्येच थांबते हे त्याच्या ध्यानी येईल. दहा, वीस, कधी तीस सेकंद आवाजच नसतो. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. मग गुदमरल्यासारखा हुंकार येतो, कूस बदलते आणि घोरणे पुन्हा सुरू होते. काळजी करावी ती या मधल्या शांततेची.

यालाच डॉक्टर मंडळी स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जिभेचे मूळ व मऊ टाळू मागे ढळतात आणि श्वासमार्ग मिटतो. रक्तातील प्राणवायू घटला की मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग मोकळा करतो. निजलेल्यास त्याचा पत्ताही नसतो. तासाला 5 ते 15 वेळा असे घडले तर विकार सौम्य, 15 ते 30 वेळा मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी त्याचे नाते आहे. ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी हाच विकार कारण म्हणून सांगितला.

हा विकार विरळा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 250 जणांची झोप घरीच तपासली गेली आणि सुमारे 19.5 टक्क्यांमध्ये श्वासाचा अडथळा आढळला. श्वासाच्या अडथळ्यासोबत दिवसा अनावर झोपही येणारे 7.5 टक्के होते. दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीवर बसल्याबसल्या डुलकी लागणे हे जेवणाचेच फळ असते असे नाही. तीच डुलकी मुंबई-गोवा महामार्गावर चाक हाती असताना लागली, तर काय होईल हे सांगावयास नको. स्त्रियांमध्येही हा विकार असतो. मात्र त्यांचा थकवा घरकामाच्या खाती मांडला जातो.

उपचाराचे मुख्य साधन म्हणजे सीपॅप यंत्र. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ते मांडले. तोवर तीव्र रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा इलाज होता. यंत्र नाकावरील मास्कमधून हवेचा सौम्य दाब देते आणि त्या दाबाने श्वासमार्ग उघडा राहतो. गुण उत्तम, परंतु अनेकांना मास्क काचतो, नाक कोरडे पडते, दाब सोसत नाही. काही जण पाहुण्यांच्या संकोचाने ते कपाटात ठेवतात आणि मग ते तेथेच राहते.

दुसरे साधन दंतवैद्य तयार करतात. वरच्या व खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. त्याबरोबर जीभही पुढे येते. दातांचे माप घेऊन केलेली पट्टी आणि बाजारातील तयार पट्टी यांत शिवून घेतलेल्या व तयार सदऱ्याइतकेच अंतर आहे. आरंभी लाळ सुटते, जबडा दुखतो आणि काही वर्षांनी दातांची ठेवण किंचित बदलू शकते. पुरेसे मजबूत दात नसतील तर हे साधन बसत नाही.

या दोहोंत श्रेष्ठ कोणते? ऑस्ट्रेलियातील 126 रुग्णांना दोन्ही साधने एकेक महिना देऊन केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. श्वास थांबण्याचे प्रमाण यंत्राने अधिक घटले; परंतु यंत्र रात्री सरासरी 5.2 तास वापरले गेले, तर दंतसाधन 6.5 तास. महिन्याअखेर रक्तदाब व दिवसाची झोप यांत फारसा फरक उरला नाही. व्यापाऱ्यास हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही : दर चढा असला तरी माल किती खपला तेही पाहावे लागते. तरीही विकार तीव्र असेल, तर पहिला मान यंत्राचाच.

येथे अनेकांस ठाऊक नसलेली गोष्ट अशी की ही साधने परस्परांची वैरी नाहीत. ज्यांना दाब सोसत नाही, त्यांनी दंतसाधन घालून वर नाकाचा मास्क लावला तर जबडा आधीच पुढे आल्याने कमी दाबात काम भागू शकते. मात्र त्यासाठी श्वसनरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकमेकांशी बोलावयास हवे, आणि ते रुग्णानेच घडवून आणावे लागते.

दुसरा मार्ग पाळीपाळीचा : घरी यंत्र, प्रवासात दंतसाधन. कोकणात त्याचे मोल अधिक. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यातील नित्याच्या खंडितपणाला इन्व्हर्टर पुरतो (हवा दमट करणारा तापक तेवढा बंद ठेवावा, तो वीज फार खातो), पण दिवसामागून दिवस तो टिकत नाही. दंतसाधनाला विजेची गरज नाही. ते लहान डबीत मावते आणि सकाळी ब्रश करून धुतले की झाले.

दंतसाधन बसवून घेतल्यावर घोरणे थांबले, म्हणून समाधान मानण्याची चूक पुष्कळांकडून होते. आवाज थांबला तरी श्वास अडखळत असू शकतो. यास्तव ते तोंडात असताना झोपेची तपासणी पुन्हा करावी लागते, आणि पहिल्या तपासणीचा अहवाल तोवर जपून ठेवावा लागतो.