दोन पोथ्या आणि एक दिवस

(बुरोंडी इथल्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मे महिन्यात कोकणात व्याख्यान द्यायचं म्हणजे आंब्याच्या पेट्यांशी स्पर्धा. पेट्या भरायच्या टाकून तुम्ही आलात, तेव्हा मीही वेळेत आवरतो.

विषय माझ्या भाचीनं दिला. ती पुण्याला असते. मुली दोन, एक नऊ वर्षांची, एक बारा. दोन वर्षांपूर्वी तिनं मुलींना घरीच शिकवायचं ठरवलं. गणित-विज्ञानाचं जमलं. अडलं ते भाषा, साहित्य आणि इतिहासापाशी, कारण तिथं तिच्याकडं एक सोडून दोन अभ्यासक्रम होते.

पहिला अमेरिकेतला. तिकडं घरी शिकवणाऱ्यांत 'क्लासिकल' म्हणून एक पंथ आहे. सुझन वाइज बाउअर आणि त्यांच्या आई जेसी वाइज यांचं 'द वेल-ट्रेन्ड माइंड' हे पुस्तक 1999 साली आलं, ते या मंडळींचं मोठं आधारपुस्तक. त्यात शिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. म्हणजे लहानपणी घोका, मधल्या वयात वाद घाला, मोठेपणी मांडायला शिका. इतिहास मात्र सरळ काळानुसार: प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन, आधुनिक असे चार वर्षांत चार टप्पे, आणि बारा वर्षांत त्यांची तीन आवर्तनं.

दुसरा अभ्यासक्रम पणजोबांच्या पेटीतून निघाला. शब्दरूपावली, धातुरूपावली, समासचक्र, अमरकोश आणि मग रघुवंशापासून पुढं पंचमहाकाव्यं. आपल्याकडं पिढ्यानपिढ्या याच वाटेनं मुलं गेली.

भाचीनं दोन्हींचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. पहाटे सहाला अमरकोश, रात्री आठला ग्रीक लोकांच्या गोष्टी. तिसऱ्या आठवड्यात धाकटी रडत म्हणाली, "आई, मला शाळेत घाल. तिथं निदान सुट्टी तरी होते." त्या रात्री भाचीचा फोन आला, "मामा, दोन्ही चांगले आहेत हो. मी सोडू कुठलं?"

मंडळी, हा प्रश्न आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला नवा नाही, पण सुरुवात पुण्यापासून करू. पुण्यात विश्रामबागवाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा निघाली. तिथं शास्त्रीबुवा जुन्या पद्धतीनं शिकवत. 1851 मध्ये तिची इंग्रजी शाळेशी गाठ घालून पूना कॉलेज केलं, त्याचंच पुढं डेक्कन कॉलेज झालं. एका छपराखाली दोन अभ्यासक्रम आले. पण छप्पर एक झालं म्हणून अभ्यास एक होत नाही. तो एक झाला काही माणसांच्या डोक्यात, आणि त्यांतली दोन माणसं तेव्हाच्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली.

एक रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म 1837, मालवणचा, शाळा रत्नागिरीची. ते इंग्रजी आधी शिकले आणि मग पुण्यात शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण, न्याय, वेदान्त शिकले. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी संस्कृतची जी दोन पुस्तकं लिहिली, ती उघडून बघा. आशय पाणिनीच्या घरचा आणि मांडणी इंग्रजी शाळेची: थोडे नियम, थोडे शब्द आणि लगेच दहा-बारा वाक्यं. सगळी रूपावली पाठ होईपर्यंत मुलाला वाक्यासाठी ताटकळत ठेवलेलं नाही.

दुसरे पांडुरंग वामन काणे, जन्म 1880. त्यांचे वडील आधी वेदाध्ययन केलेले, मग इंग्रजी शिकून दापोलीत वकील झालेले. मुलगा दापोलीच्या मिशन शाळेत जायचा आणि घरी वडील त्याच्याकडून अमरकोश पाठ करून घ्यायचे. इथून एस.टी.नं तासाभराच्या आतल्या गावात, एकाच मुलाच्या एकाच दिवसात, दोन्ही अभ्यासक्रम चालले होते.

या मुलानं पुढं काय केलं? धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पानं. पहिला खंड 1930 चा, शेवटचा 1962 चा, आणि 1963 साली भारतरत्न. पण आज मला पहिल्या खंडाबद्दल बोलायचं आहे. पाठशाळेत मनू, याज्ञवल्क्य, विज्ञानेश्वर ही सगळी मंडळी एकाच सतरंजीवर बसलेली असतात. कोण आधीचा, कोण नंतरचा, हे फारसं कुणी विचारत नाही. काण्यांनी पहिल्या खंडात त्यांना काळाच्या रांगेत उभं केलं. कोण कुणाचा आधार घेतो, कुणाला खोडतो, हे ताडून पाहिलं. ग्रंथ घरचे, आणि रांग लावायची शिस्त नव्या विद्येची.

मी भाचीला म्हटलं, "बाई गं, सोडायचं काहीच नाही, पण दोन्ही पूर्ण करायचेही नाहीत. क्रम एकाकडून घे, पाठ दुसऱ्याकडून."

आधी दोन्हींत सारखं काय आहे, ते छाटलं. इंग्रजी पुस्तकात वाक्याची चिरफाड असते, कर्ता कुठला, क्रियापद कुठलं. आपला अन्वय म्हणजे तेच. आधी क्रियापद शोधायचं, मग त्याला विचारायचं: कोण? काय? कसा? मुली हेच काम रोज दोनदा करत होत्या. तिकडं धडा ऐकून मूल आपल्या शब्दांत सांगतं. आपले कीर्तनकार उत्तररंगात दुसरं काय करतात? तेही एकदाच पुरे. चार तासांचे दोन झाले.

मग उणं काय ते पाहिलं. परदेशी पुस्तकाला काळ आहे पण आपलं गाव नाही. पेटीतल्या पोथ्यांना गाव आहे, भाषा आहे, पण काळ नाही. एकाच्या रांगेत दुसऱ्याचा मजकूर बसवला, आठवड्याला एकच उतारा. बाकीचं यादीत ठेवलं, पुढच्या आवर्तनासाठी.

मागच्या मे महिन्यात भाचीच्या मुली इथं आल्या होत्या. थोरलीच्या रांगेत तेव्हा पाचवं शतक आलं होतं. तिकडं रोमचं पश्चिमेतलं साम्राज्य कोसळत होतं, इकडं गुप्तांचा काळ. कालिदासाला साधारण याच सुमाराला ठेवतात, म्हणून पाठ रघुवंशाच्या चौथ्या सर्गातला. रघु दिग्विजयाला निघालाय आणि त्याची सेना अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणात, उतरते. कालिदास म्हणतो, परशुरामाच्या अस्त्रानं हटवलेला समुद्र जणू पुन्हा सह्याद्रीला येऊन भिडला, एवढी ती सेना!

आम्ही अन्वय लावला. पोरगी 'अर्णव' हा कर्ता लगेच ओळखते, पण 'जणू' कुठं जोडायचा यावर अडते. तो जोडला की सेनेची लाट दिसायला लागते. मग तिला घेऊन परशुराम भूमीवर गेलो. पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर उभा पुतळा, समोर समुद्र, पाठीमागं डोंगर. पोरगी कधी पुढं बघे, कधी मागं. मग म्हणाली, "मामाआजोबा, समुद्र खरंच हटला होता?"

नुसती पोथी असती तर मी म्हटलं असतं, परशुरामानं हटवला. नुसतं इतिहासाचं पुस्तक असतं तर म्हटलं असतं, ही दंतकथा, पुढं चला. मी म्हटलं, "कालिदासाच्या काळी लोक ही गोष्ट सांगत होते, एवढं पक्कं. बाकीचं कुणाला विचारायचं ते तू ठरव."

ती धक्क्यावर गेली. जाळं विणत बसलेल्या एका आजोबांनी तिला उधाण आणि भांग समजावून सांगितलं: अमावास्या-पौर्णिमेला पाणी कुठवर चढतं, अष्टमीच्या सुमाराला कसं मंदावतं. अमरकोशाच्या वारिवर्गात तिनं जाळ्याचे, नावेचे, धीवराचे शब्द पाठ केले होते. ते तिनं त्यांना म्हणून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "आमची नावं पोथीत आहेत होय?"

मंडळी, हा प्रश्न मला टोचला. नावं पोथीत होती, पण त्यांच्या मुलांना पोथी उघडायला मिळत नव्हती, आणि ब्राह्मणांच्या घरातल्या मुलींनाही नाही. शेजारच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांना 1916 साली स्त्रियांसाठी वेगळं विद्यापीठ काढावं लागलं. म्हणून जुनी वाट जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणणार नाही. घरी शिकवायला सवड लागते, पैसा लागतो, हेही खरं. पण ज्यांची मुलं शाळेत जातात, त्यांनाही आठवड्याला एक उतारा आणि एक तारीख जमेल. पन्हाळेकाजीची 29 लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. बौद्धांपासून नाथपंथापर्यंतचा काळ तिथं दगडात ओळीनं लागलाय.

त्या संध्याकाळी थोरलीनं वहीत तीन ओळी लिहिल्या, त्या मी उतरवून घेतल्या. 'कालिदास म्हणतो, समुद्र हटला होता. धक्क्यावरचे आजोबा म्हणतात, तो रोज दोनदा हटतो आणि दोनदा परत येतो. अजून विचारायचं: दगडांना.'

यंदा ती लेण्यांपासून सुरुवात करणार आहे. मला सोबत बोलावलंय.