पाराशा पाठ झाली, पुढे काय?

(इस्रायलमधल्या बेने इस्राएल मंडळाच्या सभेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



चिटणीसबाईंच्या पत्रात एक वाक्य होतं, त्यासाठी मी ठाण्याहून आलो. नातवंडांचे बार मिट्स्वा थाटात होतात, पण दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती काय राहिलं ते कळत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी आमच्याकडे मुलांना पाराशा शिकवतो. तिकडे मुलं थोडी उरली आहेत, इथे घराघरात आहेत. तेव्हा माझ्याजवळ जे आहे ते तुमच्यापुढे ठेवतो.

बार मिट्स्वा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. तेरा वर्षं भरली की मुलगा बार मिट्स्वा होतोच, हॉल घेतला तरी आणि न घेतला तरी. सोहळ्यामुळे तो होत नाही. मग आपल्या हाती राहतं ते त्याआधीचं एक वर्ष. त्या वर्षात हल्ली काय होतं? फोनवर कुणाच्या तरी आवाजात पाराशा येते, मुलगा ती गाण्यासारखी ऐकून घोकतो. चाल बरोबर, उच्चार बरोबर. 'या पासुकात कोण कुणाशी बोलतंय?' असं विचारलं की गप्प. याचं मला फार वाईट वाटतं, कारण तुमची मुलं हिब्रूतच वाढली आहेत. आमच्या मुलांना आधी भाषा शिकावी लागते.

माझा पहिला धडा तिक्कुनचा असतो. एका रकान्यात स्वरचिन्हं आणि तेआमीम, शेजारच्या रकान्यात सेफेर तोरासारखी नुसती अक्षरं. चिन्हांचा रकाना हाताने झाकायचा आणि मुलाला एक ओळ वाचायला सांगायची. तो अडखळतो. मग विचारायचं, सेफेरमध्ये नाहीत तर हे स्वर आणि ही चाल इथवर आली कुठून? एकाने दुसऱ्याला म्हणून दाखवली म्हणून आली. आता आपणही त्या रांगेत उभे आहोत हे मुलाला तिथे समजतं, आणि त्यानंतरचं पाठांतर वेगळं होतं.

आता माझा खरा विषय: द्राशा. मुलगा उभा राहून पाच मिनिटं बोलतो ते. इथे ती बहुधा मोठं माणूस लिहून देतं आणि शेवटी आईबाबांचे आभार असतात. मला राहून राहून वाटतं, द्राशा कशी रचावी हे आपल्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वीच सापडलं होतं. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या मंडळींनी हिंदू कीर्तन पाहिलं आणि तोच साचा घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत उभी केली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती लहानपणी ऐकली असतील. बुवा काय करतात? पूर्वरंगात एक प्रश्न सोडवायला घेतात, उत्तररंगात एका माणसाची गोष्ट सांगतात, आणि गोष्ट ऐकताना पूर्वरंगातला प्रश्न आपल्याला उलगडत जातो. द्राशेला याहून चांगला साचा मला माहीत नाही.

उदाहरण घ्या. मुलाची पाराशा 'लेख लेखा' आहे. पूर्वरंग: देव अब्राहामाला घर सोडायला सांगतो, पण कुठे जायचं त्या जागेचं नाव का सांगत नाही? उत्तररंग: पेणची किंवा रेवदंड्याची आजी इथे आली तेव्हा तिला काय सांगितलं होतं, आणि विमानातून उतरल्यावर तिला कुठल्या गावी नेलं? हे मुलानेच आजीला विचारायचं.

(श्रोत्यांतून: "आमच्या नातवाला ताझरिया आलीय. त्यात नुसते त्वचारोग!")

काका, ती तर मला आवडते. कोहेन रोग्याला पाहतो, सात दिवस वेगळं ठेवतो, पुन्हा पाहतो. लगेच ठरवत का नाही? हा झाला पूर्वरंग. आणि आपल्याकडे मुंबईच्या इस्पितळांत नर्स म्हणून राबलेल्या मावश्या, आत्या किती! एकीला शोधा, तिला विचारा, रोग्याला पुन्हा पुन्हा पाहायचं म्हणजे काय. उत्तररंग तिच्यापाशी आहे.

शाळा सातवीत अवोदात शोराशिम करून घेतेच. वंशवृक्ष, फोटो, गुण, आणि वही कपाटात. ते काम आणि द्राशा एकत्र का करू नये? मूल तेच, वर्षही बहुधा तेच.

(एका ज्येष्ठ श्रोत्यांनी १९६४ च्या यरुशलायीममधल्या आंदोलनाबद्दल सांगितलं.)

बघा, हे मला वाचून माहीत आहे, तुम्ही तिथे बसला होता. १९६२ मध्ये रब्बिनेटने सूचना काढल्या, लग्नाआधी आपल्या माणसांच्या आज्या-पणज्यांपर्यंत चौकशी होऊ लागली, आणि १९६४ च्या ऑगस्टअखेर सूचनांतलं आपलं नाव काढलं गेलं. तेरा वर्षांच्या मुलाला हे माहीत नसेल तर त्याला वारसा दिला असं कसं म्हणायचं? काका, तुमचा नातू आहे ना? त्याला रेकॉर्डर घेऊन बसवा. आज नाही तर या आठवड्यात.

(प्रश्न: मुलींचं काय?)

न्यूयॉर्कला १९२२ मध्ये ज्युडिथ कॅपलानची बात मिट्स्वा झाली तेव्हा तिने सेफेरमधून नव्हे, छापील पुस्तकातून वाचलं. तुमच्या सिनगॉगमध्ये मुलगी कुठवर वाचेल ते तुम्ही आणि तुमचे हजान ठरवाल. द्राशा मात्र तिला कुणी नाकारू नये. बारावं वर्ष तिने सणांना द्यावं. नवियाचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही कोकणातली नावं तिने आजीकडून घ्यावीत, कुठला सण हिब्रू पंचांगात कुठे बसतो ते लावावं. स्वयंपाक शिकली तर उत्तमच, पण तेवढ्यावर तिची बोळवण करू नका. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या मराठी हग्गादात साडीतल्या बायका मात्सा करतानाचं चित्र आहे. ते तिच्यापुढे ठेवा आणि काय दिसतं ते तिलाच लिहू द्या.

(प्रश्न: मुलांना मराठी येत नाही, मग कीर्तन कसं करणार?)

हिब्रूत करावं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या, त्या काळच्या माणसांना कळाव्यात म्हणूनच ना? आज उलट वाट धरायची. निरूपण हिब्रूत, मधे एक पद मराठीत, आजीने शिकवलेलं, आणि आजीने सोबत म्हणायचं. पाच मिनिटांची आठ झाली तर होऊ द्या.

हॉलबद्दलही विचारलंत. हॉल जरूर घ्या, डीजेही लावा. मलिदा मात्र त्याच दिवशी कोपऱ्यात उरकू नका. आदल्या आठवड्यात घरी करा, आणि पोहे-नारळ कालवायला मुलाचे मित्र बोलवा.

सुरुवात बारा महिने आधी. ज्यांच्या घरी पुढल्या वर्षी आहे त्यांनी मुलाची हिब्रू जन्मतारीख घेऊन इकडे या. मी पंचांग आणलं आहे, पाराशा आत्ताच काढू आणि पूर्वरंगाचा प्रश्नही ठरवून टाकू.