टांझानिया : आधी ओळख, मग आराखडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



समाजवादी वर्तुळात आफ्रिकेचा विषय निघाला की टांझानियाचे नाव हमखास घेतले जाते. ज्युलियस न्येरेरे, 1967 चा आरुशा जाहीरनामा आणि ‘उजामा’ खेडी एवढी सामग्री बहुतेक कार्यकर्त्यांपाशी असते. काहींच्या लेखी तो उदात्त प्रयोग, तर काहींच्या लेखी फसलेला. पण तो ज्या भूमीवर झाला ती भूमी कशी आहे, तेथे पाऊस केव्हा आणि किती पडतो, माणसे कोणत्या भाषेत व्यवहार करतात, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. देशाची ओळख नसताना त्याच्या प्रयोगावर दिलेला निकाल, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, उसनाच असतो.

आरंभ नकाशापासून करणे इष्ट. टांझानियाचे क्षेत्रफळ सुमारे 9 लाख 45 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून किंचित अधिक. 2022 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र 6 कोटी 17 लाख, महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. ही लोकवस्ती मुख्यतः देशाच्या कडेकडेने दाटलेली आहे. ईशान्येला 5,895 मीटर उंचीचा किलिमांजारो. त्याच्या उतारावर चाग्गा शेतकऱ्यांच्या केळीच्या व कॉफीच्या बागा, आणि डोंगरातून पाटाने आणलेले पाणी. उत्तरेला व्हिक्टोरिया सरोवर आणि सुकुमा लोकांचा कापसाचा प्रदेश. पश्चिमेला सुमारे 1,470 मीटर खोल असलेले टांगानिका सरोवर. पूर्वेला हिंदी महासागर आणि लवंगांसाठी विख्यात असलेले झांझिबार व पेंबा.

मधले विस्तीर्ण पठार मात्र कोरडे. आजची राजधानी दोदोमा याच भागात आहे. तेथील पाऊस महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांइतकाच, आणि तितकाच बेभरवशाचा. गोगो लोक तेथे ज्वारी-बाजरी पिकवतात, गुरे राखतात आणि पाऊस पाहून जागा बदलतात. आणखी पश्चिमेला झाडीचे प्रदेश आहेत. तेथील त्सेत्से माशीमुळे गुरांना जीवघेणा रोग जडतो. वस्ती विरळ का, घरे एकमेकांपासून दूर का, याची उत्तरे या माशीत, या मातीत आणि या पावसात आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला जो विस्कळीतपणा वाटतो, तो अनेक पिढ्यांनी अनुभवातून बसवलेला हिशेब असतो.

‘हिशेब’ हा शब्द येथे सहज आला. स्वाहिलीतही तो ‘हेसाबू’ आहे. या भाषेची घडण बांटू कुळातील, पण किनाऱ्यावरच्या शतकानुशतकांच्या व्यापारामुळे तिने अरबी शब्द मुबलक घेतले आणि हिंदुस्थानातूनही काही उचलले. त्यामुळे मराठी श्रोत्याला ती पूर्णपणे परकी वाटत नाही. पुस्तक म्हणजे ‘किताबू’, बातमी म्हणजे ‘हबारी’, ऋतू म्हणजे ‘म्सिमू’, म्हणजेच आपल्याकडचा मोसम. ‘दुका’, ‘चाय’, ‘चपाती’, ‘पेसा’ यांना तर भाषांतराचीही गरज नाही. याच मोसमी वाऱ्यांवर शिडाची गलबते पश्चिम हिंदुस्थानातून झांझिबारला जात आणि वारा फिरला की परतत. कालगणनेतही असेच साम्य आढळते. विषुववृत्ताजवळच्या या देशात सूर्य बारमाही सहाच्या सुमारास उगवतो, म्हणून दिवसाचे तास तेथून मोजले जातात. घड्याळात सात वाजले की स्वाहिली माणूस ‘एक वाजला’ म्हणतो. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये.

या देशात 120 हून अधिक जमाती आहेत आणि जवळजवळ तितक्याच भाषा. तरीही शेजारच्या कित्येक देशांना जाळणारी जमातींमधली यादवी तेथे भडकली नाही. त्याची कारणे अनेक असली तरी स्वाहिलीचा वाटा फार मोठा आहे. ही कोणा एका बलाढ्य जमातीची भाषा नव्हती. ती बाजाराची, गोदीची, मजुरांच्या तांड्याची भाषा होती. राष्ट्रीय चळवळीने ती उचलली आणि प्राथमिक शाळेचे माध्यम केली. पेशाने शिक्षक असलेल्या न्येरेरेंनी शेक्सपिअरची दोन नाटके स्वतः स्वाहिलीत आणली. लोक त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत.

या भूमीवर बाहेरून आलेल्यांनी काय केले? जर्मन राजवटीने दक्षिणेत सक्तीने कापूस पिकवायला लावला. त्यातून 1905 ते 1907 चा माजी-माजी उठाव पेटला. ‘माजी’ म्हणजे पाणी. मंतरलेल्या पाण्याने जर्मन गोळ्यांचेही पाणी होईल, ही त्यामागची श्रद्धा. जर्मनांनी उभी पिके जाळली आणि दुष्काळाने माणसे मारली. पुढे ब्रिटिशांनी 1947 साली भुईमुगाची प्रचंड योजना आखली. लक्ष्य तीस लाख एकरांचे. पण दोदोमाजवळच्या कोंग्वा येथील माती उन्हाने विटेसारखी कडक होते, आणि पावसाचा नेम नसतो. साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम मातीत घालून 1951 साली योजना गुंडाळावी लागली. तेथील गोगो शेतकऱ्याला हे आधीच ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते.

या दोन्ही गोष्टी साम्राज्यशाहीच्या खात्यावर मांडून मोकळे होता येते. अडचण तिसऱ्या गोष्टीपाशी येते, कारण ती समाजवाद्यांची आहे.

‘उजामा’ म्हणजे कुटुंबभाव. मराठीतील ‘जमात’ ज्या अरबी मुळातून आली, त्याच मुळातील हा शब्द. रुवुमा भागात 1960 नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी स्वेच्छेने एकत्र येऊन सामुदायिक शेतीची खेडी उभारली. निर्णय त्यांचे, शाळा त्यांची, हिशेब त्यांचा. न्येरेरेंनाही त्यांचे कौतुक होते. तथापि 1969 साली सत्ताधारी पक्षाच्या वरिष्ठांनी या खेड्यांची संघटनाच बरखास्त केली, कारण ती पक्षाच्या हुकमतीबाहेर चालत होती. नोव्हेंबर 1973 मध्ये घोषणा झाली की 1976 अखेरपर्यंत सर्वांनी खेड्यांत राहायलाच हवे. अंदाजे पन्नास लाख माणसे हलवली गेली. घरे रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहिली, शेते कोसभर मागे राहिली. काही ठिकाणी लोकांनी परत जाऊ नये म्हणून जुनी घरे जाळली गेली. अवर्षण आणि तेलाची दरवाढ त्याच सुमारास आली. धान्य आयात करण्याची पाळी ओढवली. 1976 साली तर शेतकऱ्यांचे सहकारी संघही मोडीत निघाले. त्यांत 1933 पासून चाललेला किलिमांजारोच्या कॉफी उत्पादकांचा संघही होता.

जमेची बाजू लपवण्याचे कारण नाही. आरुशा जाहीरनाम्याने पुढाऱ्यांना घरभाडे, कंपन्यांचे भाग आणि दुहेरी पगार घेण्यास मनाई केली; असा नियम स्वतःवर लादणारे पक्ष जगात थोडेच. शाळा आणि दवाखाने खेडोपाडी पोहोचले. 1967 च्या सुमारास तिसरा हिस्सा प्रौढ साक्षर होते. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरकारी आकडे तीन चतुर्थांशांपलीकडे गेले. आणि 1985 साली न्येरेरे स्वेच्छेने राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार झाले. हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. म्हणूनच हा धडा अधिक बोचरा आहे.

एकाच देशाने, एकाच नेतृत्वाखाली दोन कामे हाती घेतली. भाषेचे काम तडीला गेले, कारण ती भाषा लोकांच्या तोंडी आधीच होती. राज्यसंस्थेने तिला फक्त मान दिला. खेड्यांचे काम फसले, कारण लोकांनी आधीच बसवलेली घडी अज्ञान समजून मोडली गेली. शेतकऱ्याला न विचारता आखलेली योजना जर्मनाची असो, इंग्रजाची असो वा समाजवाद्याची, तीच ती कडक माती तिची वाट पाहत असते.

टांझानियाचा अभ्यास करू पाहणाऱ्या कार्यकर्त्याने जाहीरनामा अवश्य वाचावा. परंतु त्याआधी पावसाचा नकाशा पाहावा, स्वाहिलीचे शंभर शब्द शिकावेत, आणि दोदोमाचा गुराखी जागा का बदलतो हे समजून घ्यावे. ही सवय एकदा जडली की तिचा उपयोग केवळ आफ्रिकेपुरता राहणार नाही.