नववीच्या दारात

आम्ही शाळेत थोडे आणि गेटसभेत अधिक शिकलेली माणसे. तेव्हा व्यवहाराचेच बोलतो.

२००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. नववीला ती सक्ती संपते. बालमजुरीचा कायदाही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोक्याचीच कामे तेवढी मना करतो. ठेकेदार ही फट बरोबर ओळखतो! वाळूज-चिकलठाण्याच्या बापाला पोराचे चार पैसे नको असतात असे आम्ही म्हणणार नाही. घरभाडे कोणाला चुकले आहे? पण फिटर, इलेक्ट्रिशियन व्हायचे तर आय.टी.आय.ला दहावी लागते. आज नववी सोडलेला पोरगा जन्मभर हेल्परच राहण्याची भीती असते. मुलींचे तर नावही हजेरीपटावरून मुकाट्याने निघते.

१९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढले. तिकडची वाट दहावीवरूनच जाते.

मुख्याध्यापकांस एक विनंती. पालकसभा सुट्टीच्या दिवशी घ्या. सकाळी अकराच्या सभेला येणाऱ्या रोजंदार बापाचा खाडा पडतो.