प्राथमिक वर्गातील चित्र आणि डिझाइन

महाराष्ट्रातील पहिली ते पाचवीच्या वर्गांत चित्रकलेचा तास बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच घेतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे तीन विषय वेळापत्रकात शेजारीशेजारी बसतात. बालभारतीने या तिघांसाठी मिळून ‘खेळू, करू, शिकू’ ही पुस्तके काढली. कलाशिक्षकाची स्वतंत्र तरतूद वरच्या वर्गांपासून सुरू होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरावर गेला तर, कलेचा अर्धवेळ निदेशक धरलेला आहे. पहिली ते पाचवीसाठी पटानुसार शिक्षकसंख्या आहे, कलेचा निदेशक नाही. ज्या वयात मूल सर्वांत जास्त चित्रे काढते, त्या वयात त्याला कलाशिक्षक भेटत नाही. तो भेटतो तोवर ‘मला चित्र येत नाही’ असे सांगणारी बरीच मुले तयार झालेली असतात. कलाशिक्षणाच्या परिषदांत ही अडचण शिक्षकभरतीची म्हणून मांडली जाते. ती खरीच आहे. पण भरती उद्या झाली तरी त्या तासाला करायचे काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय वर्गशिक्षकाला स्वतःला चित्र काढता आलेच पाहिजे, ही सर्वत्र गृहीत धरलेली अट तपासून पाहण्याजोगी आहे.

त्या अटीला इतिहास आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले आणि तिथे आलेल्या इंग्रज शिक्षकांबरोबर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची पद्धत आली. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर, ब्रिटिश कारखान्यांतल्या मालाची घडण आणि नक्षी सुधारावी या हेतूने ती पद्धत बांधून काढली गेली होती. आधी रेषा, मग सपाट नमुन्यांची नक्कल, मग ठोकळे आणि पुतळे, असा तिचा क्रम. कारागिराचा हात तयार करण्यासाठी ती उत्तम होती. शालेय चित्रकलेवर आणि पुढे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांवर तिची छाप राहिली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या विषयांनी तालुक्याच्या गावातल्या मुलांना जे. जे.पर्यंतचा रस्ता दाखवला, हे श्रेय कुणी नाकारू नये. बिघडते ते ही परीक्षा खालच्या वर्गांत झिरपते तेव्हा. आठवीतल्या मुलाकडून अपेक्षित असलेली सफाई दुसरीच्या वहीत शोधली जाते, आणि ती मिळावी म्हणून फळ्यावर नमुना काढून दिला जातो.

दुसरीतले मूल मात्र वेगळेच काम करत असते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले: दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोट्या, चार ते सात या काळात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे, सात ते नऊमध्ये प्रत्येक वस्तूसाठी ठरलेला आकार आणि कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ, नवाच्या पुढे खऱ्यासारखे काढण्याची ओढ. वयाच्या सीमा थोड्या मागेपुढे होतात, पण क्रम बहुतेक मुलांत आढळतो. प्राथमिक शाळा म्हणजे यांतल्या शेवटच्या तीन टप्प्यांची सरमिसळ. बहुवर्ग शाळेत तर ते एकाच सतरंजीवर बसलेले असतात.

या वयातले मूल दिसते ते नव्हे, माहीत असते ते काढते. फ्रेंच अभ्यासक झॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ मध्ये हे सविस्तर दाखवले. एसटीच्या पत्र्यातून आतले प्रवासी पायांसकट दिसतात, कारण त्यांना पाय असतात हे मुलाला ठाऊक असते. पंगतीचे चित्र काढताना पाने वरून पाहिल्यासारखी मांडली जातात आणि जेवणारे दोन्ही बाजूंना आडवे पडतात. वाढणारी आजी दारापेक्षा उंच होते, कारण त्या प्रसंगात तीच महत्त्वाची असते. मोठ्यांच्या नजरेला ही चूक वाटते. प्रत्यक्षात ती सपाट कागदावर जाडी, जागा आणि महत्त्व कसे बसवायचे या अवघड प्रश्नाची मुलाने स्वतः शोधलेली उत्तरे आहेत. पंगतीतल्या आडव्या माणसांना ‘उभे’ करणारा शिक्षक चित्र दुरुस्त करत नाही. मुलाचे उत्तर पुसून आपले उत्तर लिहितो.

तिथून उलट टोक गाठणेही बरोबर नाही. व्हिएन्नात फ्रांझ सिझेक यांनी १८९७ पासून चालवलेल्या मुलांच्या कलावर्गामुळे बालकलेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. त्याचा सोयीचा अर्थ असा लावला गेला की मुलांना कागद-रंग द्यावेत आणि काही शिकवू नये. पहिली-दुसरीत हे बऱ्याच अंशी चालते. चौथीत चालत नाही. नऊ-दहा वर्षांचे मूल स्वतःच आपल्या चित्रावर नाराज होऊ लागते, खोडरबर सारखा वापरते, हाताने वही झाकते. त्याला कुणी पाहायला शिकवले नाही, तर ते चित्र सोडते किंवा तयार आकार उसने घेते.

उसन्या आकारांचा नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये उगवता सूर्य, खाली वळत आलेली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड, आकाशात चार पक्षी. लातूर-परभणीच्या सपाट काळ्या रानात राहणारे मूलही हेच काढते, त्याच्या गावात नारळ नसला तरी. सातव्या वर्षी मुलाने स्वतः घडवलेला ठराविक आकार आणि हा ठराविक देखावा वरवर सारखे दिसतात, पण पहिला बदलत जातो. त्यात खिडक्या वाढतात, गच्चीवर पाण्याची टाकी येते, कुत्रा येतो. दुसरा पाचवीतही तसाच राहतो. रंगभरणाच्या स्पर्धांनी तो आणखी घट्ट केला आहे, कारण दीड तासात पार्श्वभूमीसह भरलेला कागद परीक्षकाला पूर्ण वाटतो.

यावर उपाय फळ्यावर चांगला देखावा काढून देणे हा नव्हे. विषय बदलावा लागतो. चौथीच्या वर्गात प्रत्येकाने आपली एक चप्पल समोर ठेवून काढावी, एवढे सांगितले तरी देखावा नाहीसा होतो; चपलेचा तयार नमुना कुणाकडेच नसतो. मग शिक्षकाचे काम प्रश्न विचारण्याचे. पट्टा तळव्याला कुठे जोडलेला आहे? अंगठ्याकडे झीज जास्त आहे की टाचेकडे? दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेचा आकार कसा आहे? हे विचारणाऱ्याला स्वतःला चप्पल काढता आली पाहिजे असे काही नाही. त्याने ती नीट पाहिलेली असावी लागते, आणि एकदा विचारल्यावर पुरेसा वेळ गप्प बसता यावे लागते. गप्प बसणे हा भाग प्रशिक्षणात सहसा नसतो.

डिझाइनची स्थिती याहून विचित्र आहे. शाळेत त्याचे नाव निघते ते चौकोनात पानेफुले भरण्यापुरते. गरज, वापर, साहित्य आणि चाचणी यांचा तिथे प्रश्नच येत नाही. शाळेबाहेर मात्र मुले दिवाळीच्या सुट्टीत हेच सगळे करत असतात. किल्ला बांधताना दगडविटांच्या ढिगावर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकले की उतार ढासळत नाही, अळीव किंवा मोहरी किती दिवस आधी पेरली म्हणजे पाडव्यापर्यंत हिरवळ येते, हे थोरली मुले धाकट्यांना सांगतात. दरवाजापेक्षा मावळा मोठा झाला की प्रमाणावरून भांडण होते, आणि दरवाजा पाडून पुन्हा बांधला जातो. डिझाइनची पूर्ण प्रक्रिया इथे घडते. फक्त तिला गुण नसतात. (कदाचित म्हणूनच ती टिकली असावी.)

आकाशकंदील वर्गात आणायला अधिक सोपा. कामट्यांचा किंवा पुठ्ठ्याचा सांगाडा, पतंगी कागद आणि झिरमिळ्या ही कृती पुस्तकांत येते, पण बहुधा पायऱ्यांच्या स्वरूपात, आणि शेवटी चाळीस सारखे कंदील तयार होतात. तीच कृती प्रश्नापासून सुरू करता येते. टॉर्चपुढे पतंगी, घोटीव, खाकी आणि तेल लावलेला कागद एकेक करून धरला, तर उजेड कुठून किती येतो ते दिसते. दिव्याची उष्णता वर जाते, मग वरचे तोंड बंद ठेवायचे का? कंदील वाऱ्यात फिरला तर दोरी कुठे बांधावी? पहिला कंदील कलंडणार हे गृहीत धरून दुसऱ्यासाठी कागद राखून ठेवावा लागतो. कार्यानुभवाच्या तासात बहुतेक वेळा तोच शिल्लक नसतो.

रोजच्या वस्तूंपासून सुरुवात करण्याला मोठा आधारही आहे. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याचा विचार केला होता: त्याचे आकारमान, पकड, पाणी ओतण्याची सोय, डोक्यावर किंवा कमरेवर नेताना साधायचा तोल, धातू आणि किंमत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली, तिच्यामागे हा अहवाल आहे. तिसरी-चौथीची मुले घरून तांब्या, पेला, वाटी, चहाचा कप आणि तेलाची बुधली आणू शकतात. तांब्याचा गळा अरुंद का, कडा बाहेर वळलेली का, गरम चहाचा पेला कसा धरतात, यावर त्यांना बरेच सांगायचे असते. नंतर काम द्यावे: वर्गातले खडू सारखे तुटतात, त्यांच्यासाठी पुठ्ठ्याची डबी करा. आधी रेखाटन, मग डबी, मग ती बाकाच्या उंचीवरून सोडून पाहणे, मग बदल. गणितातले मापन इथे आपोआप येते, ते वेगळे ‘समन्वित’ करावे लागत नाही.

साहित्याचा खर्च हे कारण फार पुढे केले जाते. गेरू, कोळसा, नदीकाठची माती, भेंडीचे ठसे, वर्तमानपत्र आणि पाठकोऱ्या कागदांवर बरेच भागते. महाग पडतो तो मोठ्या आकाराचा कागद. लहान मुलाचा हात खांद्यापासून फिरतो, आणि वहीच्या पानात तो मावत नाही. अंगणातली जमीन आणि भिंतीचा खालचा पट्टा त्यासाठी मोकळा ठेवता येतो.

महाराष्ट्रात याचे जुने प्रयोग झालेले आहेत. नई तालीमच्या काळात, १९४४ मध्ये, शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. हस्तोद्योगावर उभ्या शाळेत चित्र आणि कुंभारकाम यांना उत्पादनापलीकडचे स्थान त्यांनी मिळवून दिले. त्यातून ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक आकाराला आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मॉन्टेसरीची महाग साधने बाजूला ठेवून परिसरातल्या बिया, शिंपले, पाने आणि माती यांची साधने केली. कोसबाडचा हा परिसर वारल्यांचा. आज वारली चित्र राज्यातल्या शाळांच्या भिंतींवर पोहोचले आहे, पण बहुधा दोन त्रिकोण आणि एक गोळा यांच्या नकलेच्या रूपात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेतून आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या कामातून शिकण्यासारखे आहे ते वेगळेच: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की कंबर तिथे वाकते, म्हणून नाचणारा, पेरणारा, ओझे वाहणारा असा प्रत्येक देह वेगळा होतो. मुलांनी आधी मैदानावर वाकून, ओढून, उचलून पाहावे आणि मग त्रिकोण मांडावेत.

मूल्यमापनात सध्या आकारिक नोंदी असतात, पण ‘चित्र सुबक काढतो’, ‘रंगसंगती चांगली’ अशी ठरलेली वाक्ये वर्षानुवर्षे एका वहीतून दुसरीत उतरतात. सुबकपणा मोजायचे कारणच नाही. चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने त्याविषयी सांगितलेले एक वाक्य लिहावे; डिझाइनच्या कामात पहिला फसलेला नमुनाही जपून ठेवावा. जून ते एप्रिलची अशी दहाबारा कामे एका पुठ्ठ्यात राहिली, तर मूल कोणत्या टप्प्यावर आहे, कुठे अडले आणि उसना देखावा कधी शिरला, हे चित्रकला न शिकलेल्या शिक्षकालाही दिसते. हा पुठ्ठा मुलाबरोबर पुढच्या वर्गाच्या शिक्षकाकडे गेला पाहिजे. आज त्याच्याकडे फक्त श्रेणी पोहोचते.