जेट नंबर 125

(रौप्यमहोत्सवी समारंभातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



बी विंगच्या मागे ताडपत्रीखाली उभी असलेली हिरवी महिंद्रा पिकअप माझी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावरून वार्षिक सभेत दोनदा विषयही निघाला! पण पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यापैकी आठ-दहा कुटुंबांचं सामान तिनेच इथे आणलं. म्हणून तिचं पेट्रोल इंजिन यंदा पुन्हा बांधलं. त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलतो: कार्बोरेटरचा जेट.

जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी स्क्रू. त्यातून मोजून पेट्रोल जातं. माझ्या सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवर 125 लिहिलंय, म्हणजे भोक 1.25 मिलिमीटर. 130 बसवला तर फरक पाचाचाच दिसतो, पण भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं.

आता माझी चूक. 2003 साली मायलेजच्या मोहाने मी 115 बसवला. गावात गाडी बरी चालली. खंबाटकी घाटात मात्र, मागे सामान, शेजारी आई, आणि कार्बोरेटरमधून फटाके! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला. रात्र घाटात काढली. आई एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन ओझ्याखाली जास्त तापतं, हे तेव्हा कळलं. मग घाबरून थेट 140 बसवला. तो काळा धूर तुमच्या गॅलऱ्यांत आला, आणि सभेत विषय!

यंदा बोअरिंग केल्यावर मेकॅनिक म्हणाला, “काका, आता मोठा जेट टाका.” मी हिशेब केला. 79.4 मिलिमीटरचा सिलिंडर पाऊण मिलिमीटरने वाढला, म्हणजे इंजिन जेमतेम दोन टक्के मोठं झालं. ते हवा जास्त ओढेल, तसं त्याच जेटमधून पेट्रोलही जास्त ओढेल. म्हणून सुरुवात मूळच्या 125 नेच केली.

त्याआधी फ्लोटची पातळी, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, टायमिंग आणि गॅस्केटमधून हवा शिरते का, हे तपासलं. नाहीतर दोष एकाचा आणि शिक्षा जेटला.

मग चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी नेली, इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढला. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर बरोबर. माझा पांढरा निघाला. चोक जरासा ओढला की गाडी सुधारायची, हीसुद्धा उपाशी इंजिनाचीच खूण.

कारण पेट्रोलमध्ये होतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हल्ली पंपावर मिळणाऱ्या, 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठ-नऊ टक्के जास्त हवं. 130 ने ते भागलं. प्लग तपकिरी झाला. जुने रबरी पाइपही बदलले, कारण इथेनॉल त्यांना खातं.

तरुण मित्रांना एकच विनंती: तार घालून भोक मोठं करू नका. नवा जेट आणा, एकेक पायरी बदला आणि आकडा वहीत लिहा.

गेल्या महिन्यात खंबाटकी घाट न थांबता चढलो. शेजारची सीट रिकामी होती. आई असती तर काहीतरी बोलली असती.

कुणाची जुनी स्कूटर अडली असेल तर रविवारी सकाळी खाली या. चहा माझ्याकडे.