सभेला न विचारता घडलेले अस्त्र

(आळंदी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण, काहीसे संक्षिप्त करून)



या शिबिरासाठी मला जो विषय कळविण्यात आला, तो वाचून मी प्रथम थोडा गोंधळलो. येथे जमलेल्यांपैकी बरेच तरुण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करतात आणि त्यांच्यातील काहींना विज्ञानकथा वाचण्याचा नाद आहे. त्यांनी प्रश्न पाठविला तो असा : दूरच्या एका ग्रहावर आपल्याहून कितीतरी पुढे गेलेली संस्कृती आहे, सर्व जीवसृष्टीचा अंत करू शकणारे अस्त्र बनविण्याची विद्या तिच्या शास्त्रज्ञांना सापडली आहे, ते बनवावे की नाही यावरून तेथे दोन पक्ष पडले आहेत. अशा वेळी समाजवाद्याने कोणत्या पक्षात उभे राहावे?

प्रश्न गमतीचा वाटला तरी टाळण्याजोगा नाही. अशा कथा मीही वाचल्या आहेत. त्यांतील एक प्रसंग बहुधा ठरलेला असतो. भव्य सभागृह भरलेले असते. एक वृद्ध शास्त्रज्ञ उभा राहून ‘हे करू नका’ म्हणून विनवतो. सेनापती उत्तर देतो की, आपण केले नाही तर शत्रू करील. मग मते घेतली जातात. त्या कथांतील अंतराळयानांचे मला फारसे नवल वाटत नाही; हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा, की तेथे सभा भरते! कारण असे अस्त्र बनविणारी जी एक संस्कृती मला ठाऊक आहे, ती आपलीच आहे, आणि तिच्यात ही सभा बहुधा भरलेलीच नाही. आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

आरंभ कोठे झाला ते पाहू. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. त्या प्रकल्पाचे शास्त्रीय प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर हे संस्कृत शिकलेले गृहस्थ होते. तो स्फोट पाहताना आपल्याला गीतेतील विश्वरूपदर्शन आठवले, असे त्यांनी पुढे सांगितले. अकरावा अध्याय आळंदीकरांना मी सांगावा असे नाही. अर्जुनाने हट्टाने विश्वरूप पाहावयास मागितले, पाहिल्यावर त्याचा थरकाप झाला आणि हे रूप आवरा म्हणून तो हात जोडू लागला. देवाने ते आवरले. ओपेनहायमर यांच्या वाट्याला मात्र असा देव आला नाही. जे पाहिले ते आवरण्याचा अधिकार पाहणाऱ्याच्या हाती उरला नव्हता. बॉम्ब जपानवर टाकण्यापूर्वी जपानला इशारा व शरणागतीची संधी द्यावी, अशा अर्थाच्या अर्जावर सुमारे ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या होत्या. तो अर्ज निर्णयापर्यंत पोचलाच नाही. हिरोशिमात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली.

पुढे हायड्रोजन बॉम्बचा प्रश्न आला. ऑक्टोबर १९४९ मध्ये ओपेनहायमर यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीच्या उपस्थित आठही सदस्यांनी तो घाईने बनविण्याच्या विरुद्ध मत दिले. ३१ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी तो बनविण्याचा आदेश दिला. चर्चा झाली, पण बंद दाराआड. अमेरिकन नागरिकाला मत विचारलेच गेले नाही. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरात जी चाचणी झाली ती हिरोशिमाच्या सुमारे हजारपट शक्तीची होती, आणि तिची राख दूरवर मासेमारी करीत असलेल्या जपानी नावेतील २३ कोळ्यांच्या अंगावर पडली. त्याच वर्षी ओपेनहायमर यांच्यावर अविश्वास दाखवून त्यांना सरकारी गुपितांपासून दूर करण्यात आले. ज्या वृद्ध शास्त्रज्ञाचे विनवणे कथेतील सभा निदान ऐकून घेते, त्याला वास्तवात सभेबाहेर काढले जाते.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईजवळच्या तुर्भ्याच्या किनाऱ्यावर भारताच्या अणुसंशोधनाचा पाया होमी भाभा यांनी घातला. त्याहीआधी, १९४८ मध्ये, अणुशक्तीचे विधेयक सभागृहापुढे आले तेव्हा कृष्णमूर्ती राव या सदस्यांनी एक अवघड प्रश्न विचारला होता. ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणविषयक कामापुरती आहे. आपण ती सर्वच संशोधनाला का लावता? या दोहोंत भेद कसा करावा हे आपल्याला कळत नाही, अशा आशयाचे उत्तर नेहरूंनी दिले. उत्तर प्रामाणिक होते. परंतु त्यातूनच एक मोठा पडदा उभा राहिला आणि पुढील सारे नाटक त्याच्या आड झाले.

एक अपवाद आहे आणि तो मान्य केला पाहिजे. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुस्फोट केला, तेव्हा आपल्या देशात खरोखरच वाद झाला. २४ ऑक्टोबरला आकाशवाणीवरून बोलताना भाभांनी निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार केला, पण ओघात किमतीही सांगितल्या : १० किलोटनाचा एक स्फोट साडेसतरा लाख रुपयांत, पन्नास बॉम्बचा साठा दहा कोटींच्या आत. बॉम्बवाद्यांना आणखी काय हवे होते? गुंटूरला काँग्रेस समितीच्या बैठकीत आणि नंतर लोकसभेत शास्त्रीजींना हा मारा सोसावा लागला. शेवटी शांततेच्या कामासाठी अणुस्फोटाचा अभ्यास करण्याला त्यांनी मुभा दिली. भाभांच्या मागून आलेल्या विक्रम साराभाईंनी त्या किमतींचा फोलपणा दाखवून दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दोन वार कापडाची किंमत सांगता येते ती गिरणी चालू असते म्हणून; बॉम्बचीही किंमत एकट्या बॉम्बची नसते, ती विमाने, क्षेपणास्त्रे, रडार आणि त्यांच्यामागील सर्व उद्योगांची असते. गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

त्यानंतर मात्र सभा उठली ती उठलीच. १९७४ चा मे महिना आठवा. ८ मेला रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात होते, हजारो कामगार गजाआड होते, वसाहतींतून कुटुंबांना बाहेर काढले जात होते. १८ मे रोजी सकाळी पोखरणला स्फोट झाला. त्याचा निर्णय पंतप्रधान आणि मोजके सल्लागार व शास्त्रज्ञ यांनी घेतला. मंत्रिमंडळापुढे तो चर्चेला आलेला नव्हता. स्फोटात वापरलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या, कॅनडाच्या साह्याने उभारलेल्या अणुभट्टीतले होते. संपाचा आणि स्फोटाचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. तथापि, भाकरीचा प्रश्न विचारणारा कामगार आणि त्याला न विचारता झालेला हा स्फोट एकाच आठवड्यात शेजारी शेजारी उभे होते, हे विसरता येत नाही.

११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेला, पुन्हा पोखरण झाले. याही वेळी मंत्रिमंडळाच्या बैठकीत चर्चा होऊन आदेश निघाला नाही. आणि आता संरक्षणमंत्री कोण होते? तेच जॉर्ज! ज्यांनी दीर्घकाळ अण्वस्त्रांना विरोध केला, ज्यांच्या सभांना मुंबईचे टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार लोटत, त्यांनाही ही वार्ता अगदी शेवटच्या दिवसांत कळली. तरी त्यांनी तिचे समर्थन केले. ते आज हयात नाहीत, आणि मला त्यांच्यावर खटला चालवावयाचा नाही. हिशेब आपल्याला द्यावयाचा आहे. या शतकाने दोन गोष्टी दिल्या, एक गांधी आणि दुसरा अणुबॉम्ब, आणि यांतील एकच टिकेल, अशी मांडणी करणारे डॉ. लोहिया आपले. मग निवड करण्याची वेळ आली तेव्हा आपल्यापैकी कितीजण मोठ्याने बोलले? गल्लीत पेढे वाटले जात असताना विरोध करणे अवघड होते, एवढेच कारण मला माझ्यापुरते सापडते, आणि ते पुरेसे नाही.

त्या चाचण्यांनंतर जे बोलले त्यांतील एक नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवावे. अ‍ॅडमिरल रामदास हे नौदलाचे माजी प्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या एका खेड्यात ते शेती करीत राहिले आणि मार्च २०२४ मध्ये वारले. अण्वस्त्रांना विरोध करणारा भित्रा किंवा देशद्रोही असतो, असे म्हणणाऱ्याला त्यांचे आयुष्य हेच उत्तर आहे.

आता विरोधी बाजू. ती हसण्यावारी नेऊ नये. चीनपाशी बॉम्ब आहे, पाकिस्ताननेही २८ मे १९९८ ला चाचणी केली. युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली आणि पुढे त्याच्यावर आक्रमण झाले. मग आपण कशाच्या भरवशावर राहावे? काल एका मित्राने तर मला येथलीच साक्ष काढली : चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा माउलींनी भिंत चालविलीच ना? मी म्हटले, खरे आहे. पण भिंत पाहून चांगदेव वाघावरून उतरले. त्याआधी त्यांच्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तरही गेले होते. येथे मात्र दोन्ही बाजूंना वाघ आहेत, दोघांनाही उतरणे कमीपणाचे वाटते आणि पत्रव्यवहार बंद आहे.

धाकाने युद्ध टळते म्हणावे, तर १९९८ नंतर वर्षभरातच कारगिल झाले आणि मे २०२५ मध्ये चार दिवस दोन्ही देशांची क्षेपणास्त्रे व ड्रोन एकमेकांवर सुटली. बॉम्ब होता म्हणूनच ही युद्धे लहान राहिली, असे समर्थक म्हणतात. असेलही, पण प्रत्येक वेळी तसेच होईल याची हमी कोण देणार? ९ मार्च २०२२ रोजी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, आणि समोरच्यांनी घाई केली नाही. पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. शिस्तीच्या दृष्टीने ते ठीक झाले. परंतु तो दिवस तणावाचा असता तर?

परिणामांचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडून ठेवला आहे. भारत-पाकिस्तानात हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब पडले, तर जळत्या शहरांची सुमारे ५० लाख टन काजळी आकाशात उंच चढेल, सूर्य झाकोळेल आणि साऱ्या पृथ्वीवर पाऊस घटेल, असे २००७ मधील अभ्यास सांगतो. २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासाने, आणखी मोठे युद्ध गृहीत धरून, तात्काळ मृत्यूंचा अंदाज ५ ते १२.५ कोटी असा दिला. म्हणजे ज्याचे या भांडणाशी काडीचे नाते नाही, त्या आफ्रिकेतल्या शेतकऱ्याचेही पीक जाईल. विज्ञानकथेतील संहारास्त्र याहून निराळे काय असते?

अशा अस्त्राचा ताबा कोणत्या नियमाने चालतो? ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने धोरण जाहीर केले. प्रथम वापर करावयाचा नाही. पण आपल्यावर वापर झाला तर प्रचंड प्रतिहल्ला करावयाचा. आणि आदेश पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेने द्यावयाचा. पहिला भाग मोलाचा आहे. पण तो संसदेच्या ठरावाने बांधलेला नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना, व्यक्तिगत मत म्हणून का होईना, आपण स्वतःला असे बांधून का घ्यावे, हे म्हणता आले. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथसिंह यांना पोखरणलाच सांगता आले की पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. जो शब्द एका समितीने दिला, तो एका पत्रकाने परत घेता येतो. १९९८ च्या हायड्रोजन बॉम्बची शक्ती सांगितली तेवढी नव्हती, असे त्या चाचण्यांत भाग घेतलेले संथानम यांनी २००९ मध्ये म्हटले. इतर शास्त्रज्ञांनी ते नाकारले. खरे कोण हे ठरविण्याचे साधन लोकांपाशी नाही. आपल्या नावाने बनविलेल्या वस्तूचे मापही आपल्याला ठाऊक नाही!

आणि येथेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पाकिस्तानातून अथवा येथून निघालेले क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोचते. त्या मिनिटांत लोकसभेची घंटा वाजणार नाही, कोणी वृद्ध शास्त्रज्ञ उभा राहणार नाही, मते मोजली जाणार नाहीत. सभा भरावयाची असेल तर ती आधीच भरली पाहिजे, म्हणजे आता. कोणत्या पक्षात उभे राहावे असे तुम्ही विचारता. मी अस्त्राच्या विरोधात उभा आहे. पण त्याही आधी मी सभा भरविणाऱ्यांच्या पक्षात आहे. प्रथम वापर न करण्याचा शब्द संसदेने ठराव करून द्यावा. आदेशाच्या यंत्रणेवर संसदेच्या समितीची देखरेख असावी. शेजाऱ्यांशी बोलणी बंद पडू देऊ नयेत. या मागण्या लहान दिसतात. पण बोनसच्या मागणीसाठी जी द्वारसभा तुम्ही घेता, तिच्यात पाच मिनिटे यासाठी काढता येतील. तेथे विरोधी मत मांडणाऱ्यालाही बोलू द्या.

ज्येष्ठात माउलींची पालखी येथून निघते आणि दुसऱ्या दिवशी दिघी-कळसवरून पुण्याकडे जाते. त्या रस्त्याला दिघीचा मॅगझिन चौक लागतो. मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. पुढे संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा. तेथे काम करणारे परके कोणी नाहीत. त्यांतले कितीतरी वारीत चालतात आणि कितीतरी या शिबिराला आले आहेत. दुष्टांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा जावो असे मागणारे पसायदान त्यांनाही पाठ आहे. यंदा त्या चौकातून जाताना शेजारच्या वारकऱ्याला एवढेच विचारा, की बाबा, हे अस्त्र बनविताना तुला कोणी विचारले होते का? तो काय म्हणतो ते ऐकून घ्या. तुमची सभा तेथूनच सुरू होईल.